ट्रॅक्टरचा फोकस भिंतीवर जुळवा



उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीची वाहतूक वाढते. ऑइल, टायर, ब्रेक सारे आपण पाहतो. दिवा मात्र ‘लागतो ना, मग झाले’ म्हणून सोडून देतो. आपली ट्रॉली जाते त्याच रस्त्याच्या कडेने बैलगाड्या, सायकली आणि पायी घरी निघालेली माणसे असतात. समोरून उंच फोकस आला की चालकाचे डोळे दिपतात आणि कडेचे माणूस त्याला दिसतच नाही.

फोकस जुळवायला सपाट जागा आणि एखाद्या गोदामाची पांढरी भिंत पुरते. आधी टायरमधली हवा बरोबर करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारावी. दिवे भिंतीपासून २५ फुटांवर येतील असे वाहन सरळ उभे करावे. एक दिवा फडक्याने झाकून दुसरा डिपरवर लावावा. जीप किंवा पिकअप असेल तर उजेडाची वरची कड रेघेच्या ३ इंच खाली हवी. ट्रॅक्टरचे दिवे उंच असतात, त्याला ५ इंच ठेवावे. साडेतीन फूट उंचीवरच्या दिव्याचा उजेड तरीही २०० फुटांपर्यंत पोचतो. ट्रॅक्टरच्या वेगाला तेवढा पुष्कळ झाला. कड वर-खाली करायला दिव्याजवळ स्क्रू असतो. जुन्या ट्रॅक्टरला नट सैल करून अख्खा दिवाच वाकवावा लागतो.

हे काम भरलेली ट्रॉली जोडून करावे. दोनचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येतो, ट्रॅक्टरचे तोंड उचलते, आणि रिकामा असताना जुळवलेला फोकस थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

उजेड मंद वाटला की आपली मंडळी जास्त वॅटचा बल्ब घालतात. त्याने होल्डर वितळतो, वायरी तापतात. दोष बहुधा दुसरीकडेच असतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी, अर्थिंगच्या वायरीखाली गंज, यामुळे दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. १२ व्होल्टऐवजी १०.८ मिळाले तर हॅलोजनचा उजेड तिसऱ्या हिश्श्याने घटतो! तेव्हा आधी पॉलिशपेपर घ्यावा, बल्ब मागाहून. आतला आरसा काळा पडला असेल तर तो बदलावाच. पुसून उजळत नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागले की तेवढी जागा जादा तापते आणि बल्ब लवकर जातो. हॅलोजनच्या दिव्यात स्वस्त एलईडी बल्ब घातला तर उजेड झगझगीत दिसतो खरा, पण तो चहूकडे फाकतो.

आणखी एक. नांगरणीसाठी मडगार्डवर लावलेला मागचा पांढरा दिवा कित्येक जण रस्त्यावरही चालूच ठेवतात. मागच्या मोटारसायकलवाल्याला त्यापुढे ट्रॉलीची लाल रिफ्लेक्टर पट्टी दिसत नाही. शेताचा बांध ओलांडताच तो दिवा बंद करावा, आणि लाल पट्टीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.