विद्येवर धुराची जकात

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जमाखर्चात मुलांच्या शिक्षणाची रक्कम सर्वांत पवित्र मानली जाते. पोटाला चिमटा घेऊन बाजूस काढलेल्या या रकमेत आता मुंबईची हवाच हात घालू लागली आहे, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागत आहे.

पावसाळा सरला की वाऱ्याचा जोर मंदावतो आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा व कारखान्यांचा धूर शहरावरच रेंगाळू लागतो. शाळांचे दुसरे सत्र आणि दहावीच्या परीक्षेची तयारी नेमकी याच महिन्यांत येते. मुले प्रौढांपेक्षा जलद श्वास घेतात. साहजिकच वजनाच्या मानाने त्यांच्या छातीत अधिक धूलिकण जातात. खोकल्याने आठवडाभर शाळा बुडाली, म्हणजे प्रथम डॉक्टरांची फी व औषधे, आणि मागाहून बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी शिकवणी! ज्याला परवडते तो दोन्ही खर्च सोसतो. ज्याला परवडत नाही त्याला औषध टाळता येत नाही, म्हणून तो शिकवणी टाळतो. २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या शाळा धुरामुळे बंद ठेवून वर्ग मोबाइलवर भरवावे लागले. ज्या घरी दोन मुले व एकच मोबाइल, तेथे काय झाले असेल हे सांगावयास नको.

ही जकात कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेली नाही. बांधकामावर पाणी मारण्याचा व आच्छादन घालण्याचा खर्च जो वाचवितो, त्याची बचत पालकाच्या खिशातून भरून निघते. वस्तुतः हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९८१ पासून अस्तित्वात आहे. प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. मुंबईच्या हवेची दखल उच्च न्यायालयास २०२३ साली स्वतः होऊन घ्यावी लागली. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

आमची सूचना अशी की, दिवाळीची सुटी संपताच महापालिकेने शाळांच्या परिसरातील प्रत्येक बांधकामाची नियमित तपासणी करावी, धूळ न रोखणारे काम तत्काळ थांबवावे, आणि वसूल झालेला दंड त्याच परिसरातील शाळांत बुडालेल्या अभ्यासाचे जादा वर्ग चालविण्यासाठी खर्च करावा. पालक शाळेची फी आनंदाने भरतील. धुळीची किंमत मात्र धूळ उडविणाऱ्यानेच मोजली पाहिजे.