माती आपली, पट्टा दुसऱ्याचा



सिरोंच्याच्या घाटावर उभं राहिलं की प्राणहिता गोदावरीत शिरताना दिसते. गोदावरी येते पार नाशिकच्या ब्रह्मगिरीवरून. तिथल्या डोंगरातही आपलेच भाऊ राहतात, महादेव कोळी आणि ठाकर. पैठणला आणि पोचमपाडला तिचं पाणी अडवलेलं, म्हणून उन्हाळ्यात इथवर येते तेव्हा ती दमलेली असते. मग प्राणहिता मिळते, खाली सोमनूरला इंद्रावती मिळते, आणि नदी खरी मोठी होते. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. पुढे भद्राचलम, राजमहेंद्री, आणि फाटे फुटून समुद्र.

समुद्राकाठचा तो मुलूख सपाट, धानाचा. इंग्रजांनी धवळेश्वरमला आडवा बांध घातला, १८५२ साली तो पुरा झाला, तेव्हापासून तिथे कालवे. पण ती जमीन आली कुठून? पावसाळ्यात गढूळ पाणी आपल्या डोळ्यांदेखत जाते, त्यातली माती तिथे बसते. हजारो वर्षं बसली, तिची शेतं झाली. त्या शेतांना पट्टे आहेत. आणि जिथून माती गेली तिथे बांधी करणारा अतिक्रमणदार! गार्ड येतो, नांगर जप्त करतो. तिथल्या शेतकऱ्याशी, मजुराशी आपलं भांडण नाही. नदी आपण कधी अडवली नाही.

गोदावरीवर इंचमपल्लीला आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनमला धरण बांधायचं म्हणत होते. १९८६ च्या ऑगस्टात पूर आला, घरं गेली, पण पाणी उतरलं आणि आपण परत वावरात आलो. धरणाचं पाणी उतरत नाही. आणि बुडणाऱ्यांची यादी कागदावरून होते. १८९४ च्या कायद्याने मोबदला खातेदाराला होता. ज्याचं वावर कागदात 'वन' आहे, त्याचं काहीच बुडालं नाही असं धरत. म्हणून धरण नको, हे तर आपण म्हणतोच. पण वावर नावावर करून घ्यायचं कामही आजच करायचं आहे.

३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचा सरकारचा ठराव होता. त्याआधी वावर कसत होतो याला पुरावा मागत. जंगलखात्याने दंड केला होता ना? तीच पावती पुरावा! छपरात, पेटीत, जिथे खोचली असेल तिथून काढा. वाळवीने खाल्ली असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब गावसभेत लिहून अंगठे घ्या. बांधी, बोडी, लावलेली आंब्याची झाडं मोजून लिहा. बाया एकट्या कसतात तिथे बाईचंच नाव लिहा. नक्कल द्या, मूळ पावती मात्र कुणाच्या हाती देऊ नका, आमच्याही.