आधी हिशेब मांडा, मग सभ्यता शिकवा!

जिल्ह्यातील बुद्धिबळपटू, पालक आणि संघटनेच्या सर्व सभासदांस जाहीर आवाहन

बुद्धिबळप्रेमी हो,

आपल्या जिल्हा संघटनेत दोन गट पडलेत, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. एकाच रविवारी दोन स्पर्धा लागतात. एकीकडे खेळलेल्या मुलाचं नाव दुसरीकडच्या निवड चाचणीतून गळतं. चौथीतली मुलगी भिंतीवरच्या पेअरिंगच्या कागदावर बोट फिरवत आपलं नाव शोधत राहते आणि आर्बिटर तिच्या वडिलांना कोपऱ्यात घेऊन सांगतो, "तुम्ही तिकडे खेळवलंत ना, वरून सांगणं आहे." या पोरीनं कोणाचं काय घोडं मारलं?

गेल्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने प्रवेश शुल्काचा हिशेब मागितला. "आम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आणि तुम्ही आम्हालाच चोर ठरवता?" असं उत्तर मिळालं. त्याचा आवाज चढला, तर असभ्य वर्तनाची नोटीस त्यालाच! नंतर त्याच्या बाजूच्या काहींनी पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांवर चिखलफेक केली. तिचा आम्ही निषेध करतो. पण हिशेब विचारणं म्हणजे शिवी देणं नव्हे. सतरंज्या अंथरणाऱ्या, रात्री उशिरा घड्याळं मोजून पेटीत भरणाऱ्या प्रत्येक हाताचे आम्ही ऋणी आहोत. त्या कष्टांनी संघटना कोणाच्या मालकीची होत नाही.

जाब विचारणं बुद्धिबळाला नवं नाही. 1976 मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक बुद्धिबळ महासंघाचे (फिडे) तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला. चारचौघांत वाद नको म्हणून खाडिलकर गप्प बसल्या असत्या तर?

भांडण हाताबाहेर गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघात अध्यक्ष आणि सचिव यांचे गट समोरासमोर ठाकले, मामला मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी 2021 मध्ये कुठे निवडणूक पार पडली. महासंघाला वकील परवडतात. आपल्याकडे आहे ती पोरांची एन्ट्री फी. आपल्या संघटनेसारख्या सार्वजनिक न्यासाची कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्यावर दुसऱ्या गटाने हरकत घेतली की तारखांवर तारखा पडतात आणि खरी कार्यकारिणी कोणती, हेच ठरेनासं होतं. मग बँकेत सही कोणाची चालणार आणि राज्य स्पर्धेला मुलांची नावं कोण पाठवणार?

प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, हा बुद्धिबळाचा नियम नवख्या पोराला आणि जगज्जेत्याला सारखाच लागू आहे. संघटनेची आचारसंहिता मात्र फक्त खालच्यांसाठी! ती आधी व्यासपीठावर बसणाऱ्यांना लावा. हिशेब सभेआधी सभासदांच्या हाती द्या, सभेचं इतिवृत्त तिथेच वाचून दाखवा आणि नोटीस बिनशर्त मागे घ्या. निवड चाचणी कुठल्याही गटाची नाही. तिथे पटावरचे गुणच मोजले गेले पाहिजेत.

सभासदांनो, येत्या सभेला या. प्रश्न लेखी आणा, पोच घ्या आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

— जिल्ह्यातील बुद्धिबळ खेळाडू व पालक