एक्स-रे चांगला, पण पाहायचा कशावर?

एक्स-रे काढायला सांगितला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, डिजिटलच काढू ना?" जरूर काढा. परंतु ती फिल्म डॉक्टर ज्या पेटीवर लावून पाहतात, तिच्याबद्दल आजवर मला एकानेही विचारलेले नाही. खरे सांगायचे तर कित्येक वर्षे मीही कधी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते.

आम्ही तिला व्ह्यू बॉक्स म्हणतो. पत्र्याचा खोका, आत दोन ट्यूब, पुढे दुधी ॲक्रिलिक आणि वर फिल्म अडकवायच्या क्लिपा. एवढ्या साध्या वस्तूत बिघडण्यासारखे काय असणार, असे मला वाटत असे.

काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक बाई महिनाभराचा खोकला घेऊन आली. छातीचा एक्स-रे पाहिला, विशेष काही दिसले नाही. औषधे दिली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा वजनही उतरले होते. तीच फिल्म देऊन तिला जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. दुपारी त्यांचा फोन आला, "उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला, हासळीच्या हाडामागे डाग आहे. बेडका तपासून घ्या." तपासणीत क्षयरोग निघाला. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर बेडका तपासायचाच असतो. तो मी पहिल्याच भेटीत तपासला नाही, ही माझी चूक वेगळीच. सहा महिन्यांच्या उपचाराने ती बरी झाली. परंतु घरात दोन लहान मुले असताना ती तीन आठवडे विनाउपचार खोकत राहिली.

त्या संध्याकाळी मी पेटी उघडली. तळाशी मेलेल्या किड्यांचा थर, ॲक्रिलिक पिवळे पडलेले आणि उभ्या बसवलेल्या दोन्ही ट्यूबची वरची टोके काळवंडलेली. म्हणजे उजेड सर्वांत कमी कुठे, तर नेमका फुफ्फुसाच्या टोकांवर! नव्या ट्यूब घालून तीच फिल्म लावली आणि डाग दिसला. आता कुठे पाहायचे ते ठाऊक होते, हेही कबूल केले पाहिजे.

ट्यूब एकदम विझत नाही, महिन्या-महिन्याने मंदावत जाते आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते. फिल्मच्या गडद भागातला बारीक फरक दिसायला मागून भरपूर उजेड लागतो. साध्या एक्स-रेसाठी पेटीची प्रखरता प्रति चौरस मीटर किमान १५०० कँडेला आणि स्तनांच्या एक्स-रेसाठी ३००० कँडेला असावी, असा मापदंड आहे. खोलीत मात्र उजेड कमी हवा. माझी पेटी उघड्या खिडकीसमोर होती! फिल्म लहान असेल तर बाजूचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाकावा, नाहीतर डोळे दिपतात आणि जे पाहायचे तेच निसटते.

यासाठी खर्च फारसा नाही. बाहेरून आठवड्याला पुसणे, मधूनमधून प्लग काढून आतून साफ करणे आणि एक ट्यूब गेली तरी दोन्ही बदलणे, त्याही एकाच रंगाच्या आणि एकाच बनावटीच्या. एक पांढरी आणि एक पिवळसर ट्यूब लावलेल्या पेट्या मी चांगल्या चांगल्या दवाखान्यांत पाहिल्या आहेत. एक्स-रे यंत्राची गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती करायला माणूस येतो, त्याच दिवशी प्रकाशमापकाने पेटीचा मध्य आणि चारही कोपरे मोजून घ्यायला किती वेळ लागणार? लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्या रुग्णालयाने एवढे टाळावे, याला माझ्या मते आळसाखेरीज कारण नाही.

हल्लीच्या एलईडी पेट्या अधिक टिकतात, पण त्याही हळूहळू मंदावतात आणि ट्यूबसारखी लुकलुकून सूचनाही देत नाहीत. संगणकाच्या पडद्याचे तेच. खिडकीच्या काचेला फिल्म लावून मोबाइलवर काढलेला फोटो तर सर्वांत वाईट. असे फोटो मला रोज येतात आणि मी रोज उत्तर देतो, "फिल्म घेऊन या."

येताना ती घडी घालून आणू नका. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने छापलेल्या असतात. उन्हात गाडीत राहिल्या तर काळ्या पडतात. जुन्या फिल्मही जपून ठेवा आणि सोबत आणा. आणि डॉक्टर तुमची फिल्म छताच्या ट्यूबलाइटकडे धरून पाहू लागले, तर "साहेब, पेटीवर लावून बघता का?" असे जरूर म्हणा. माझ्याकडे आलात तर पेटीच्या कडेला ट्यूब बदलल्याची तारीख मार्करने लिहिलेली आहे, तीही वाचा.