पार्ट बदलायच्या आधी अर्थ बघा, आणि बघणाऱ्याला मजुरी द्या



आज पिकाचं नाही, जीपचं लिहितोय. पण गोष्ट शेवटी आपल्याच धंद्यापाशी येते, म्हणून पूर्ण वाचा.

आमच्या दारात १९८८ ची डिझेल जीप आहे. आण्णांनी घेतलेली. आता आण्णा नाहीत, जीप आहे. मागच्या दसऱ्याआधी तिची क्लचप्लेट बदलली आणि त्याच वेळी चेसी घासून काळा रंग मारून घेतला. दिवाळीपासून सेल्फ जड फिरायला लागला. सकाळच्या थंडीत तर नुसतं कट-कट.

मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. नवी घेतली, साडेसहा हजार. चार दिवस बरे गेले, परत तेच. मग सेल्फ उतरवला, ब्रश-बुश बदलले, साडेतीन हजार. फरक काही नाही. त्यात रात्री हेडलाईट लावला की टेम्परेचरचा काटा वर सरकायचा. रेडिएटर बघावा तर पाणी व्यवस्थित, इंजिन गरम नाही. पोरगं म्हणालं, "पप्पा, भंगारात घाला आता ही." मी काही बोललो नाही.

माघातली रात्र. दीड वाजता आईचा दम वाढला. दवाखाना अकरा किलोमीटरवर. पाच-सहा वेळा सेल्फ मारला. इंजिन फिरेना, पण डॅशबोर्डखालून जळका वास यायला लागला. इंजिन बंद करायची जी केबल असते, तिला हात लावला तर चटका बसला. शेवटी पुतण्याला आणि गड्याला उठवलं, ढकलून जीप चालू केली. आई वेळेवर पोचली, आता बरी आहे. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, सगळं वायरिंग नवीन टाका, अठरा हजार लागतील. पैसे नव्हते म्हणून थांबलो. नाहीतर तेही केलं असतं.

तालुक्याला वायरिंगचं काम करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांना सगळं सांगितलं. केबलला चटका बसला म्हणल्यावर ते म्हणाले, "मग करंट तिच्यातूनच गेला." त्यांनी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला धरलं आणि म्हणाले, मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात इंजिन चालू. मी बघतच राहिलो.

झालं होतं असं. जुन्या गाडीत बल्बला, सेल्फला एकच वायर येते. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. त्यालाच आपण अर्थ म्हणतो. बॅटरीचं निगेटिव्ह चेसीला जोडलेलं असतं. पण इंजिन बसतं रबरावर, बॉडी बसते रबरावर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन ते चेसी अशी विणलेल्या तांब्याची पट्टी असते. क्लचच्या कामात ती काढली गेली आणि परत लावलीच नाही. वर चेसीला रंग मारला आणि बॅटरीच्या वायरचा बोल्ट त्या रंगावरच आवळला. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपियरच्या वर ओढतो. एवढ्या करंटला सरळ वाट नाही मिळाली की तो मिळेल त्या वाटेनं जातो, मग ॲक्सिलेटरची केबल असो नाहीतर बंद करायची. पेट घेतला असता तर?

काट्याचंही तेच. त्याचा सेन्सर इंजिनवर. अर्थ कच्ची असली की हेडलाईटच्या लोडनं काटा खोटं बोलतो.

आता तपासायचं कसं ते सांगतो. साधा डिजिटल मीटर घ्या, पाच-सातशेत येतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (वायरच्या लगवर नाही, खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर अर्थ चांगली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. माझ्या जीपला आलं ३.१ व्होल्ट! म्हणजे बारातले तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते. पट्टी लावल्यावर तोच आकडा ०.१५ वर आला.

मीटर नुसता 'पीं' वाजला म्हणून अर्थ चांगली समजू नका. वायरची एक तार शिल्लक असली तरी तो वाजतो. दोनशे अँपियरला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा दोन व्होल्ट खातो, आणि एवढा बारीक अडथळा आपल्या साध्या मीटरला ओहमवर दिसत नाही. म्हणून लोड चालू असतानाच मोजायचं.

मागच्या दिव्यांचंही असंच. ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मिणमिणला तर बल्ब बदलू नका, आधी त्या दिव्याची अर्थ घासा.

दुरुस्ती अशी. आधी निगेटिव्ह वायर काढा, जोडताना ती शेवटी जोडा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बोल्टखालचा रंग-गंज पॉलिशपेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. दातेरी वायसर टाकून आवळा. मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा, म्हणजे परत गंज धरत नाही. आणि फ्यूज उडतो म्हणून जाड तार गुंडाळू नका, त्यानं वायरिंग जळतं. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चेसीला असायचं, तेव्हा आधी आपल्या गाडीचं कोणतं टोक चेसीला आहे ते बघा. जुन्या ट्रॅक्टरलाही हे सगळं तसंच लागू. मात्र विहिरीवरच्या मोटारीचं अर्थिंग वेगळं. ते बिघाड झाला तर आपला जीव वाचवायला असतं. दोन्हीत गल्लत करू नका.

आता माझं मत.

काम झाल्यावर चाचांना विचारलं, किती द्यायचे? म्हणाले, "पट्टीचे दोनशे." म्हणलं, आणि तुमचे? तर हसले. "बघायचे कोण देतं?"

मला लाज वाटली. दहा हजाराचं सामान मी एका शब्दानं घासाघीस न करता घेतलं होतं. आणि ज्यानं खरा दोष शोधला त्याच्या हिशेबात मजुरीचा रकानाच नाही. मी मिस्त्रीला शिव्या घालत होतो, पण तो तरी काय करणार? तासभर शोधायचे आपण पैसे देत नाही, सामान बदलायचे देतो. मग तो सामानच बदलणार.

शेतात वेगळं काय करतो आपण? पान पिवळं दिसलं की दुकानात जातो. सल्ला फुकट आणि बाटलीचे पैसे. मग बाटलीच मिळते. झाड उपटून मुळी बघायला, माती तपासायला, बांधावर येऊन तासभर थांबायला आपण कुणाला पैसे दिलेत? जे कृषी पदवीधर हे वाचतायत त्यांनाही सांगतो, तुमच्या बघण्याची फी मागा. लाजू नका. आम्ही आधी कुरकुर करू, पण चार फवारण्या वाचल्या की देऊ.

चाचांना पाचशे दिले. घेत नव्हते, खिशात घातले.

जीप आता दारात आहे, अर्ध्या सेल्फला चालू होते. पोरगं परवा तिच्यातूनच खत घेऊन आलं. भंगाराचा विषय परत निघाला नाही.

तुमच्या गाडीची, ट्रॅक्टरची अर्थ पट्टी जागेवर आहे का, आज संध्याकाळी वाकून बघा. रामराम.