गाठीचा निकाल कोणी द्यायचा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत 'टाटाला नेलंय' एवढेच कोणी सांगितले, तरी ऐकणारा पुढचे समजून घेतो. परळचे हे रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. पण त्या नावाचीच धास्ती इतकी, की गाठ हाताला लागली तरी माणसे महिनोन् महिने गप्प बसतात.

'दुखत नाही ना? मग साधीच असणार!' हे लोकलच्या डब्यातले निदान मी कित्येकदा ऐकले आहे. ते घातक आहे, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. साधी गाठ आपल्या जागीच वाढते. कर्करोगाची गाठ शेजारच्या भागात घुसते, रक्तातून आणि लसिकेतून दूरच्या अवयवांत पोचते. हा फरक बोटांना खात्रीने कळत नाही. तो तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. सुई टोचल्याने रोग अंगभर पसरतो, ही समजूत निराधार आहे. आणि साधी गाठही मेंदूत असेल, तर जिवावर बेतू शकते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की गाठ लागताच डॉक्टरांना दाखवावी. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. ज्यांना परळ गाठावे लागेल, ते निदान वेळेवर तरी पोचतील.