पट नऊ, म्हणून शाळा बंद?

प्राथमिक शाळेतल्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी खडूने एक चौकट भरली जाते. मुले चार, मुली पाच, एकूण पट नऊ. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांवर आज हाच आकडा दिसतो आणि त्यावरच शाळेचे मरण ठरू पाहते आहे.

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती, ही २०२३ सालची शासनाचीच मोजदाद. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या एकत्रित शाळांचा नमुना पुढे ठेवून या मुलांना ‘समूह शाळां’त एकत्र आणण्याचा विचार तेव्हाच पुढे आला. तो मुळातच धोक्याचा आहे.

पट घटला, हे खरे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ इतका खाली आला. तरुण जोडपी पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. जी मागे राहिली, त्यांतल्या ऐपतदारांची मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसतात. त्या पालकांना आम्ही दोष देणार नाही. दोन गुरुजी, चार इयत्ता, त्यात एक गुरुजी बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेलेले. असा वर्ग पाहून कोणाचे मन धजावेल? आधी शाळा अशी पोखरायची आणि मग पट नाही म्हणून कुलूप लावायचे, हा अन्याय आहे.

कुलूप लागल्यावर काय होते? जुलैत ओढा दुथडी भरून वाहतो. पलीकडची समूह शाळा कागदावर चार किलोमीटर, पायवाटेने त्याहून लांब. गाडीचे आश्वासन पहिल्या दरडीपाशी संपते. मुलग्याला मामाच्या गावी ठेवतात. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहते. फळ्यावरच्या त्या पाचांतल्या किती जणी चौथी पार करतील?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक द्यावेत, असे कायदाच सांगतो. तो ‘वीसच्या आत शाळा नको’ असे कुठेही म्हणत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, येत्या ग्रामसभेत आपली शाळा चालू ठेवण्याचा ठराव मांडा. त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.